सेटिंग्जची एक फाईल

गेल्या बक्षीस-समारंभाच्या वेळीं एका पालकांनीं आपल्या मुलीचें प्रशस्तिपत्रक माझ्यापुढें धरून विचारलें, "सर, आपली शाळा आहे तरी कोणत्या गांवीं?" पत्रकाच्या माथ्यावर 'छत्रपति संभाजीनगर' असें छापलें होतें व तळाशीं, स्वाक्षऱ्यांच्या ओळीखालीं, 'औरंगाबाद'. तीं पत्रकें ज्या संकेतस्थळावरून निघालीं तें शाळेच्या संगणक-वर्गांतील मुलांनीं माझ्या देखरेखीखालीं तयार केलेलें होतें. सबब उत्तर देण्याची जबाबदारी माझ्याकडेच होती.

कारण सहज सांपडलें. शहराच्या नामांतरास केंद्र सरकारची संमति २०२३ च्या फेब्रुवारींत मिळाली. आमचें काम त्यापूर्वींचें. ज्या मुलानें निकालाचें पान लिहिलें त्यानें शहराचें नांव तेथें लिहिलें. ज्या मुलीनें प्रशस्तिपत्रकाचें पान केलें तिनें तेथें दोनदां लिहिलें. पुढें आम्ही एकेक फाईल उघडून दुरुस्ती केली, आणि अशा कामांत बहुधा घडतें तेंच घडलें : एक जागा राहिली.

वास्तविक हा दोष टाळण्याची सोय आमच्या हातींच होती. संकेतस्थळाचा जो भाग पडद्यावर दिसतो त्याच्यामागें सर्व्हरवर दुसरा भाग काम करीत असतो. तो उभारण्यासाठीं तयार सांगाडा मिळतो, त्यास फ्रेमवर्क म्हणतात. आम्ही घेतलेला सांगाडा जँगो या नांवाचा. अमेरिकेंतील कॅन्सास संस्थानांत लॉरेन्स गांवीं एका वृत्तपत्राच्या कचेरींत तो जन्मास आला आणि २००५ सालीं सर्वांस खुला झाला. (नांव मात्र जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून घेतलेलें आहे.) नवें काम आरंभितांच जँगो 'सेटिंग्ज' नांवाची एक फाईल करून देतो. माहिती कोणत्या डेटाबेसांत ठेवावयाची, भाषा कोणती, घड्याळ कोठचें, कोणत्या पत्त्यावर आलेली विचारणा स्वीकारावयाची, हें सर्व तेथें एकदां लिहावयाचें. बाकीच्या फायलींनीं तें तेथून विचारून घ्यावयाचें. आपल्या गरजेची नवी नोंदही तींत करतां येते. अट एवढीच कीं तिचें नांव मोठ्या इंग्रजी अक्षरांत असावें. आम्ही शहराच्या नांवाची अशी नोंद केली असती तर बदल एका ओळींत आटोपला असता.

घड्याळाचेंही असेंच. नव्या फाईलींत जागतिक वेळ लिहिलेली असते. ती तशीच राहिल्यामुळें आमचा सकाळीं ११ चा निकाल पहांटे ५॥ वाजतां लागल्याचें पडद्यावर दिसे! तेथें 'एशिया/कोलकाता' असें लिहितांच सर्व पानें ताळ्यावर आलीं. भारताची प्रमाणवेळ १९०६ सालीं ठरली तरी मुंबई शहर आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत पाळीत होतें. एका शहरांत दोन वेळा म्हणजे किती घोटाळा, याची कल्पना आतां मुलांस चांगली आली आहे.

मग सगळेंच या फाईलींत लिहावें काय? नाहीं, आणि येथें मुलांनीं माझ्याशीं वाद घातला तो योग्यच होता. २०१५ सालच्या विद्यार्थ्यास त्याच्या जुन्या प्रशस्तिपत्रकाची नक्कल हवी असेल, तर तींत शहराचें नांव कोणतें यावें? फाईलींत तर आजचें नांव आहे. नक्कल म्हटली कीं मूळ पत्रकांत जें होतें तेंच आलें पाहिजे. म्हणून त्या-त्या पत्रकावरचें नांव डेटाबेसांत त्याच्या नोंदीबरोबर ठेवावें. सेटिंग्जमध्यें केवळ आज चालू असलेलें.

दुसरी वगळण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे, व ती पालकांनींही लक्षांत घ्यावी. जँगोच्या फाईलींत 'सीक्रेट की' म्हणून एक लांब अक्षरमाला असते. आंत प्रवेश केलेल्या माणसाची ओळख आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे यांवर तिच्या आधारें जणूं मोहोर उठते. ती परक्याच्या हातीं लागली तर खोटी मोहोर उठवितां येते. आमचीं मुलें तर सगळी फाईल पेन-ड्राइव्हवर घालून घरीं नेत होतीं! त्या संकेतस्थळावर साऱ्या मुलांचे गुण, पत्ते व जन्मतारखा आहेत. आतां ती अक्षरमाला आणि डेटाबेसचा पासवर्ड फाईलींत नाहींत. ते सर्व्हरवर वेगळे ठेवले असून फाईल चालू होतांना ते तेथून वाचते. जुनी अक्षरमाला नुसती खोडून भागलें नसतें, कारण पूर्वींच्या प्रतींत ती तशीच राहते. ती बदलावी लागली.

'डीबग' ही नोंद शिकतांना चालू ठेवतात, म्हणजे चूक झाली कीं आंतील तपशील पडद्यावर येतो. लोकांसाठीं संकेतस्थळ खुलें करतांना ती बंदच हवी. आम्ही ती बंद केली आणि सर्व्हर सुरूच होईना. स्वीकारावयाच्या पत्त्यांची यादी रिकामी होती. एका फाईलीवर सारें अवलंबून ठेवल्याची किंमत ही अशी : तींत एक कंस न मिटतां राहिला तरी एकही पान उघडत नाहीं. तरीही मला हें बरें वाटतें. त्या पत्रकावरची चूक कितीतरी दिवस कोणास दिसली नव्हती. ही त्याच क्षणीं दिसते.

त्या मुलीचें प्रशस्तिपत्रक दुसऱ्या दिवशीं पुन्हां छापून दिलें. वर आणि खालीं एकच नांव आहे, हें तिच्या वडिलांनीं चष्मा लावून दोनदां पाहिलें.