आधी हुनर, मग सर्टिफिकेट

बारावीचा किंवा डिप्लोमाचा निकाल लागला की आपल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो, "आता याला कशाला घालायचं?" पंधरा-वीस वर्षांपूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. एमएस-सीआयटी करून घ्या, टायपिंग करून घ्या, पासपोर्ट काढून ठेवा. आता नवी नावं कानावर येतात. सीसीएनए, एडब्ल्यूएस, अझूर, रेड हॅट, सिक्युरिटी प्लस. कुणाच्या शेजाऱ्यानं केलेलं असतं, कुणाच्या आखातातल्या चुलत भावानं सुचवलेलं असतं, कुणाला क्लासचं पत्रक मिळालेलं असतं. घरातल्या मोठ्यांना त्यातलं फारसं कळत नाही, पण पैसे त्यांनाच काढायचे असतात. म्हणून हे लिहिणं मुलांइतकंच आई-वडिलांसाठीही आहे. या वाटेवर आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. ती आधी सांगतो.

आम्ही चार भावंडं. थोरल्या बाजीचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंब्र्यात सीसीटीव्ही बसवायच्या कामाला लागला होता. शिडीवर चढून वायर ओढायची, कॅमेरा लावायचा, संध्याकाळी रोजंदारी घ्यायची. आमच्यातला एकजण कतारमध्ये असतो. त्यानं निरोप दिला, "त्याला सीसीएनए करायला सांगा, इकडे विचारतात." शहरातल्या एका क्लासनं चार सर्टिफिकेटांचं पॅकेज सांगितलं आणि नोकरीची हमी दिली. रक्कम मोठी होती. व्याजाचा हप्ता नको म्हणून आम्ही भावंडांनी आपापसांत पैसे जमवले. व्याज टाळलं, एवढ्यावरच आमचं समाधान झालं. क्लासमध्ये नेमकं काय शिकवतात, हे कुणीच विचारलं नाही.

२०२१ साली, क्लास सुरू होऊन तीन महिने झाले नाहीत तोच, तो सीसीएनए पास झाला. बाजीनं मोहल्ल्यात पेढे वाटले. पहिल्याच मुलाखतीत त्याच्यापुढे एक स्विच आणि लॅपटॉप ठेवला गेला. "यात दोन व्हीलॅन करून दाखव." व्हीलॅनची व्याख्या त्याला तोंडपाठ होती, पण पहिली कमांड कोणती द्यायची ते सुचेना. मुलाखत घेणारे गृहस्थ भले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, कागद आहे, हात नाही."

घरी आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. क्लासनं प्रश्नोत्तरांची एक फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली होती. परीक्षेतले प्रश्न चोरून गोळा केलेली, बाजारात जिला ‘डम्प’ म्हणतात ती. त्यानं ती पाठ केली आणि परीक्षा दिली. "मामू, सगळे असंच करतात," तो म्हणाला. आम्हाला त्याच्यापेक्षा स्वतःची जास्त शरम वाटली. पेढे आम्हीच वाटले होते.

सर्टिफिकेट म्हणजे काय, काय नाही

ही सर्टिफिकेटं विद्यापीठाची पदवी नसतात. एखादी कंपनी किंवा व्यावसायिक संस्था परीक्षा घेते आणि अमुक काम या माणसाला येतं अशी गवाही देते. सिस्को ही नेटवर्कची यंत्रं बनवणारी कंपनी सीसीएनए देते. ॲमेझॉन आपल्या क्लाउड सेवेची देते, मायक्रोसॉफ्ट अझूरची. कॉम्पटिया ही संस्था कोणत्याही एका कंपनीला न बांधलेली ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस अशी सर्टिफिकेटं देते.

गवाहीची किंमत ती खरी असण्यात असते. डम्प वापरणं हे सिस्कोच्या करारात स्पष्ट मना आहे. पकडलं गेल्यास सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. आणि पकडलं गेलं नाही तरी काय? दवाखान्याचं, बँकेचं, शाळेचं नेटवर्क त्या माणसाच्या भरवशावर सोपवलं जाणार. ती अमानत आहे. खोट्या गवाहीवर मिळवलेली नोकरी आणि तिच्यातून येणारी रोजी, यांचा विचार प्रत्येक घरानं करायला हवा.

दुसरी गोष्ट, सर्टिफिकेट पदवीची जागा घेत नाही. आखातात अनेक पदांच्या व्हिसासाठी साक्षांकित पदवी मागतात. म्हणून "शिक्षण सोड, कोर्स कर" असा सल्ला कुणी दिला तर दहा वेळा विचार करा. पदवी चालू ठेवून बाजूनं सर्टिफिकेट करणं, हा सरळ रस्ता.

सीसीएनएचंच उदाहरण

पूर्वी सीसीएनएच्या वेगवेगळ्या शाखा होत्या. २४ फेब्रुवारी २०२० पासून त्या एकत्र करून एकच परीक्षा ठेवली गेली. तिचा क्रमांक २००-३०१. वेळ १२० मिनिटांचा. फी ३०० डॉलर आणि वर कर. म्हणजे आजच्या भावानं पंचवीस हजार रुपयांच्या वर. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. एक प्रश्न सोडून पुढे गेलात की मागे येता येत नाही.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आहेत. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विच आणि वायफायची जोडणी २० टक्के, एका नेटवर्कमधून दुसऱ्यात रस्ता काढणं म्हणजे राउटिंग २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. ज्या भागाला जास्त टक्के, त्याला जास्त वेळ.

आता आमच्या भाच्याला जे आलं नाही ते पाहा. एका शाळेत एकच स्विच आहे. त्यावर कार्यालयाचे संगणक आहेत आणि मुलांच्या लॅबचेही. मुलांना फीचे हिशेब दिसू नयेत म्हणून त्याच स्विचवर दोन वेगळे गट करायचे. हे गट म्हणजे व्हीलॅन. आणि लॅबमध्ये ५० संगणक असतील तर त्यांना पत्ते किती लागतील? ६४ पत्त्यांचा गट घेतला तर पहिला आणि शेवटचा वगळून ६२ वापरता येतात, म्हणजे पुरतात. हा हिशेब शाळेतल्या गणिताइतकाच आहे. रोज दहा उदाहरणं सोडवली की महिनाभरात हात बसतो. पाठांतरानं बसत नाही.

यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. सिस्को नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून चालू आहे. तिच्या वेबसाइटवर खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात राउटर, स्विच, वायरी पडद्यावर जोडून खऱ्यासारखा सराव होतो. साधा लॅपटॉप पुरतो. मायक्रोसॉफ्ट लर्नवर अझूरचे धडे फुकट आहेत, ॲमेझॉनच्या स्किल बिल्डरवरही बरेच धडे फुकट आहेत. आयआयटींच्या एनपीटीईएलवर अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची.

म्हणजे क्लास वाईट असतात असं नाही. चांगला शिक्षक वर्षाचं काम सहा महिन्यांत करवून घेतो. पण क्लासमध्ये पाऊल टाकताना तीन प्रश्न विचारा. लॅबवर हातानं काम करायला आठवड्यात किती तास मिळतील? परीक्षेची फी यात धरली आहे का? नोकरीची हमी असेल तर ती कागदावर लिहून द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचा चेहरा बदलतो.

पायऱ्या उलट्या चढू नका

कोणतं सर्टिफिकेट करायचं, हे मुलगा आज कुठे उभा आहे त्यावर ठरतं. संगणक दुरुस्ती किंवा हेल्पडेस्कपासून सुरुवात असेल तर ए प्लस. त्यात दोन परीक्षा असतात. नेटवर्ककडे जायचं तर सीसीएनए. क्लाउडची ओळख हवी तर ॲमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर (फी १०० डॉलर, ६५ प्रश्न, ९० मिनिटं) किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-९००. लिनक्सवर काम करायचं तर रेड हॅटची आरएचसीएसए. तिच्यात पर्याय निवडायचे प्रश्नच नसतात. चालू यंत्रावर काम करून दाखवावं लागतं. म्हणून तिच्यात पाठांतर कामाला येत नाही.

वरच्या पायरीची सर्टिफिकेटं अनुभव मागतात. सायबर सुरक्षेतल्या सीआयएसएसपीसाठी पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. पदवी असेल तर त्यात एक वर्षाची सूट मिळू शकते. कॉलेजातल्या मुलाला कुणी "थेट सीआयएसएसपी" विकत असेल तर तिथून उठून या.

आणखी एक, ही सर्टिफिकेटं कायमची नसतात. सीसीएनए आणि ॲमेझॉनची तीन वर्षं चालतात. मायक्रोसॉफ्टची मूलभूत परीक्षा संपत नाही, पण तिच्या वरची सर्टिफिकेटं दरवर्षी ताजी करावी लागतात; ते मात्र ऑनलाइन आणि फुकट होतं. एकदम चार घेऊन ठेवली तर वापरण्याआधीच शिळी होतील. एक घ्या, त्यावर काम करा, मग दुसरं.

घरानं करायची कामं

पहिलं काम नावाचं. परीक्षेची नोंदणी आणि ओळखपत्र यांवरचं नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी जाते. आपल्या घरांत एका ‘मोहम्मद’ची तीन स्पेलिंगं असतात, ‘शेख’ कधी पुढे असतो कधी मागे, आणि मुलींची नावं लग्नानंतर बदलतात. पासपोर्टवर आहे तेच नाव, तसंच, नोंदणीत लिहा. कागदपत्रांतला फरक परीक्षेच्या आधी कित्येक महिने दुरुस्त करून घ्या.

दुसरं काम मुलींचं. यातल्या बऱ्याच परीक्षा घरूनही देता येतात, त्यामुळे ज्यांना दूर जाणं अवघड आहे त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण कॅमेऱ्यासमोर, बंद खोलीत, एकटीनं बसावं लागतं. मध्येच भाची आत शिरली किंवा अम्मीनं चहा आणून दिला तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. दोन खोल्यांच्या घरात त्या दोन तासांची शांतता राखणं, हे सगळ्या घराचं काम आहे. जमत नसेल तर परीक्षा केंद्र बरं. हिजाबबद्दल शंका असेल तर केंद्राला आधीच विचारून घ्या.

तिसरं काम पैशांचं. फी एकदम सगळ्या कोर्सची भरू नका. आमच्याकडे आता नियम आहे: भावंडांच्या डब्यातून कर्जे-हसना मिळेल, पण परीक्षेच्या फीसाठी, आणि सराव परीक्षा सलग तीनदा नीट दिल्यानंतरच. नोकरी लागली की मुलानं ते पैसे परत टाकायचे, म्हणजे पुढच्याला मिळतील. असं एखाद्या जमातीनं किंवा मोहल्ल्यानंही करायला हरकत नाही. पंचवीस हजारांसाठी एखाद्या हुशार पोराची वाट अडू नये.

दुसऱ्यांदा

भाच्याचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. त्यानं ते सर्टिफिकेट कपाटात ठेवलं आणि बायोडेटावरून काढून टाकलं. कॅमेऱ्यांचं काम चालूच ठेवलं. रात्री इशानंतर दीड-दोन तास पॅकेट ट्रेसर. वर्षभरानं एका लहान कंपनीत केबलिंगच्या कामाला लागला, तिथं स्विचला हात लावायला मिळाला. पगार आधीपेक्षा फारसा जास्त नव्हता. आम्ही नाराज होतो, तो नव्हता.

२०२४ मध्ये सर्टिफिकेटाची तीन वर्षं संपत आली. तो म्हणाला, "मामू, या वेळी परीक्षा मी देणार." पहिल्या खेपेला नापास झाला. फी गेली. बाजी रडली. दोन महिन्यांनी पुन्हा बसला आणि पास झाला.

आज तो नवी मुंबईत एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतो. रात्री फोन आला की उठून जातो, कारण आयसीयूची यंत्रं त्याच वायरींवर चालतात. कतारला अजून गेलेला नाही, जाईल तेव्हा जाईल.

दुसऱ्या वेळी बाजीनं पेढे आणले नाहीत. आधी शुक्रान्याचे दोन रकात पढली, मग आम्हा सगळ्यांना फोन केला. तिनं निकाल सांगितला नाही. एवढंच म्हणाली, "आता त्याच्या हातात आहे."