चेहऱ्यावरचं आवरण : साबणाने धुतलेला एन-95

  एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यांना ताटकळत ठेवणं बरं वाटेना. त्यांची पिठाची गिरणी आहे. मागच्या लेखातला खणाच्या मास्कचा भाग वाचून त्या लिहितात, "आमचे हे गिरणीत एन-95 लावतात. दर रविवारी मी तो साबणाच्या पाण्यात खळबळून दोरीवर वाळत घालते. तीन-चार महिने सहज जातो. तेवढाच कचरा कमी, बरोबर ना?"

ताई, वस्तू पुरवून वापरण्याची तुमची सवय मला मनापासून आवडते. पण साबणाच्या पाण्यात त्या मास्कमधलं खरं राबणारं जे आहे, तेच निघून जातं.

एक जुना मास्क कात्रीने कापून बघा. बाहेरचे थर जरा राठ असतात. मधे पांढरा, मऊ, बोटांना चिकटू पाहणारा एक पातळ थर मिळेल. सगळी करामत त्याची. आपल्याला वाटतं, पीठ चाळावं तशी हवा यातून चाळली जाते. तसं नाही. धाग्यांमधल्या फटी कितीतरी कणांपेक्षा मोठ्या असतात. जड कणांना हवेबरोबर वळण घेता येत नाही, ते धाग्यावर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि धाग्याला लागतात. या दोन्हींच्या मधले, साधारण 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे, निसटण्यात पटाईत. म्हणून चाचणी याच आकाराच्या कणांवर घेतात, आणि त्यांतले किमान 95 टक्के अडले तरच मास्क पास होतो.

थर दाट केला तर जास्त कण अडतील, पण श्वास घेणं मुश्कील होईल. यावरचा तोडगा म्हणजे धाग्यांवर बसवलेला, दीर्घकाळ टिकणारा विद्युतभार. विरळ थरातून जाणाऱ्या कणाला तो स्वतःकडे ओढून घेतो. पॉलिप्रॉपिलीनसारखं प्लॅस्टिक वितळवून, गरम हवेच्या झोतात त्याचे अतिसूक्ष्म धागे ओढण्याची रीत 1950 च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेन्ट यांनी बसवली. त्यांना वातावरणातले किरणोत्सारी कण पकडायचे होते! अशा धाग्यांवर भार चढवण्याच्या तंत्रात मोठी भर घातली ती मूळचे तैवानचे, टेनेसी विद्यापीठातले पीटर त्साय यांनी. 2020 मध्ये हेच त्साय निवृत्ती बाजूला ठेवून, मास्क पुन्हा कसा वापरता येईल याच्या मागे लागले.

त्यातून निघालेली गोष्ट तुमच्या कामाची आहे. दोष नुसत्या पाण्याचा नाही. भार चढवण्याच्या काही पद्धतींत तर पाण्याचेच फवारे वापरतात. घात करतात साबण आणि अल्कोहोल. सॅनिटायझर फवारला तरी तेच. आणि भार गेला हे कळत मात्र नाही. मास्क दिसतो तसाच, श्वासही पूर्वीइतकाच सहज येतो. मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

दुसरी बाजू आकाराची. सारा लिटल टर्नबुल या घरसजावटीच्या मासिकाच्या एके काळच्या संपादक. थ्रीएम कंपनी भेटवस्तूंच्या फितींसाठी न विणलेलं कापड बनवत असे. त्यापासून ब्राचे साचेबद्ध कप करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच काळात घरच्या आजारपणांमुळे त्यांच्या रुग्णालयात खेपा सुरू होत्या. तिथे डॉक्टर मंडळी नाड्यांचे सपाट मास्क सारखे सावरताना त्यांना दिसत. कपाचाच आकार मास्कला द्यावा, असं त्यांना सुचलं. 1961 मध्ये तसा मास्क बाजारात आला. तो जंतू पुरेसे अडवत नव्हता, म्हणून धुळीसाठी विकला गेला. पुढे 1972 मध्ये एन-95 चा पूर्वज ठरलेला मास्क मंजूर झाला. फॅशनवाल्यांच्या नजरेचं हे ऋण आरोग्याच्या पुस्तकांतही ठळक नोंदवायला हवं. कडा गालाला चिकटून बसत नसतील तर मधला थर कितीही उत्तम असून काय उपयोग? हवा बाजूनेच आत शिरणार. आठवड्याच्या धुण्याने पट्टे सैल होतात, कप चपटा पडतो, तेव्हा हाही आधार जातो.

गिरणीतल्या पिठाचे कण बरेचसे मोठे असतात. त्यामुळे तुमचा धुतलेला मास्क अगदीच कुचकामी झाला असं मी म्हणणार नाही. पण बारीक पीठही उडतंच, आणि गव्हाच्या पिठाने दमा जडलेले गिरणीवाले, बेकरीवाले जगभर आहेत. तेव्हा एन-95 धुऊ नका. दोन-तीन आळीपाळीने वापरा, मधल्या दिवसांत कोरड्या जागी टांगून ठेवा. श्वास जड वाटू लागला, पट्टा ढिला पडला की टाका. टाकताना कापून, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

कचरा खरोखर कमी करायचा तर रबरी अर्धा मास्क घ्या, ज्याला फक्त फिल्टर बदलावे लागतात. सुरुवातीला महाग वाटेल, पण वर्षानुवर्षं टिकतो. फिल्टर काढून ठेवून तो साबणाने खुशाल धुता येतो, म्हणजे तुमचा रविवारचा क्रम मोडत नाही. शक्य असेल तर पीठ पडतं तिथे कापडी बाही बांधा आणि भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवून घ्या. उडणारं पीठ मुळातच कमी होईल. आणि तुमच्या यांना दाढी असेल तर ती मास्कच्या कडेखाली येऊ देऊ नका. केसांवर रबर घट्ट बसत नाही.