छायाचित्रातील खोटे खळे

चंद्राला पडलेले खळे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि देवघरातील मूर्तीमागची पितळी प्रभावळ तर नित्याच्याच परिचयाची. परंतु हल्ली घरोघरी जी छायाचित्रे निघतात त्यांत एक तिसऱ्याच जातीचे खळे शिरले आहे. डोंगराची काळी कड आणि आकाश जेथे एकमेकांस भिडतात तेथे एक पांढुरकी पट्टी उमटते. डोंगर कात्रीने कापून दुसऱ्याच कागदावर चिकटविला आहे असा भास होतो. ह्या पट्टीपायी गेल्या भाद्रपदात आमच्या घरी चार दिवस अबोला होता. म्हणून तिची हकीकत सांगावयाची.

आमचे ज्येष्ठ बंधू नगरास शाळेत शास्त्र शिकवीत असत. (जिल्ह्याचे नाव 2024 सालापासून अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे.) अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर ते उमेदीच्या काळात अनेक वेळा चढले, ते केवळ कोकणकड्यावरून इंद्रवज्र दिसावे म्हणून. ते त्यांना एकदाही दिसले नाही. कधी धुके कड्यावरून आतच लोटले, तर कधी मुळी सूर्यच उगवल्यासारखा झाला नाही.

इंद्रवज्र दिसावयास योग मोठा अवघड लागतो. खाली कोकणातून वर येणारे धुके कड्यापाशीच थबकले पाहिजे, सूर्य पाठीशी अगदी खाली हवा, आणि आपण नेमके काठावर उभे हवे. मग समोरच्या धुक्यावर आपली सावली पडते व तिच्याभोवती सप्तरंगी वर्तुळ उमटते. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने हे दृश्य ह्याच गडावर पाहिले होते, आणि 1835 साली छापलेल्या आपल्या निबंधात त्याने त्याचे वर्णन केले आहे. वर्तुळाच्या मधोमध तो स्वतः, त्याचा घोडा व बरोबरची माणसे ह्यांच्या सावल्या स्वच्छ दिसत होत्या. मौज अशी की, त्या माणसांचा ह्या सावल्या आपल्याच आहेत ह्यावर विश्वास बसेना. त्यांनी हातपाय हालवून, नाना परीने अंग वाकवून पाहिले. सावल्यांनीही तसेच केले, तेव्हा कोठे त्यांची खात्री पटली.

तर बंधूंचा नातू मित्रांसह पाचनईच्या वाटेने गडावर गेला आणि पहिल्याच खेपेस त्याला इंद्रवज्र दिसले! घरी येताच त्याने छायाचित्र आजोबांपुढे धरले. आजोबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "अरे, हे रंगवलेले आहे." नातू म्हणाला, "आजोबा, मी स्वतः काढलंय हो!" त्यावर आजोबांनी कड्याच्या धारेवर बोट ठेवले. धारेला धरून पांढरी पट्टी गेली होती. सावल्यांनाही तसलीच किनार होती. "धुक्याला अशी किनार असते काय? जेथे कडा खोटा, तेथे वर्तुळ खरे कशावरून?" मुलगा रागावून उठून गेला.

दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. मुलाने वर्तुळ मुळीच रंगवले नव्हते. त्याने केले होते इतकेच की, संगणकावर चित्र उघडून 'क्लॅरिटी' आणि 'शार्पनिंग' ह्या दोन्ही पट्ट्या उजव्या टोकापर्यंत नेल्या होत्या, आणि काळोखा कडा उजळून आकाश गडद केले होते.

ह्याने खळे का पडावे? यंत्राला डोंगर किंवा आकाश कळत नाही. ते प्रत्येक बिंदूची तुलना त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीशी करते. बिंदू सरासरीहून उजळ असेल तर त्याला आणखी उजळ करते, काळा असेल तर आणखी काळा. मोकळ्या आकाशात सारे शेजारी सारखेच, तेव्हा तेथे काही घडत नाही. पण कड्याला लागून असलेल्या आकाशाच्या शेजारात काळा कडाही येतो, सरासरी खाली उतरते, आणि ते बिचारे आकाश आहे त्याहून उजळ ठरून पांढरे केले जाते. पलीकडे कड्याची धार त्याच न्यायाने अधिक काळी होते. हा शेजार जेवढा लांबवर धरावा तेवढी पट्टी रुंद; ह्यालाच 'रेडियस' म्हणतात. आकाश गडद करतानाही गफलत हीच. नगरजवळच्या डोंगरावर उभ्या असलेल्या चांदबिबीच्या महालाची चित्रे पाहावी. महाल खरा सलाबतखानाची कबर, पण नाव चांदबिबीचे पडले आहे. त्या अष्टकोनी इमारतीमागे सगळे आकाशच असल्यामुळे पुष्कळ चित्रांतून ती दिवा लावल्यासारखी दिसते.

ही युक्ती संगणकाची नव्हे, जुन्या अंधाऱ्या खोलीतली आहे. काचेच्या वा फिल्मच्या निगेटिव्हवर तिचीच किंचित अस्पष्ट उलटी प्रत ठेवून छाप काढीत, म्हणजे कडा उठून दिसत. आपला डोळाही थोडेबहुत हेच करतो. अर्न्स्ट माख ह्या शास्त्रज्ञाने 1865 साली हे दाखविले. म्हणूनच आमटीतल्या मिठाप्रमाणे ही गोष्ट बेताने घातली तर कोणास कळतही नाही.

चवथ्या दिवशी आम्ही मध्ये पडलो. मुलाने, सुदैवाने, कॅमेऱ्याची 'रॉ' प्रत ठेवली होती. आमच्या मते अर्धे काम तेथेच झाले. नेहमीच्या जेपेग प्रतीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. रॉ प्रतीत बहुधा 4096 किंवा 16384. पायऱ्या मुबलक असल्या की छाया उजळताना ओढाताण करावी लागत नाही. ज्यांच्या घरी फोनच कॅमेऱ्याचे काम करतो त्यांनी ध्यानात ठेवावे की, फोन चित्र दाखविण्यापूर्वीच ते पुष्कळ घासूनपुसून घेतो; त्यावर आपण पुन्हा हात चालविला तर खळे दुप्पट होते.

मुलाने सर्व पट्ट्या शून्यावर आणल्या. आकाश व कडा ह्यांवर त्याने वेगवेगळे काम केले, आणि दोहोंमधील 'मास्क'ची धार कड्याच्या धारेशी मोठी करून जुळविली. कारण हा मास्क मऊ ब्रशाने आकाशात ओघळला तर तेथेही नवी पट्टी तयार होते. तरी एके ठिकाणी पांढुरके उरलेच. तेथे त्याने 'क्लोन स्टॅम्प' घेऊन तो 'डार्कन' रीतीवर ठेवला व शेजारचे आकाश हलक्या हाताने त्यावर उतरविले. ह्या रीतीत उजळ बिंदू तेवढे झाकले जातात आणि काळ्या कड्याला धक्का लागत नाही. शार्पनिंग त्याने सर्वांत शेवटी केले, चित्राचा आकार कायम झाल्यावर आणि रेडियस एका बिंदूपेक्षा कमी ठेवून. हे सारे चित्र शंभर टक्के मोठे करून पाहावयाचे. लहान आकारात खळे लपून राहते व छापल्यावर बाहेर येते.

नवे चित्र पूर्वीपेक्षा फिके होते. मुलाचे तोंड किंचित उतरलेच. वर्तुळाचे रंगही आता मवाळ दिसत होते, बाहेर तांबडा, आत निळसर.

आजोबांनी मात्र ह्या वेळी पट्टी शोधली नाही. ते वर्तुळाच्या मध्यावर वाकून पाहू लागले. तेथे तीन सावल्या होत्या. पूर्वीच्या चित्रात पांढऱ्या किनारीमुळे त्या एकच गोळा झाल्या होत्या; आता वेगवेगळ्या कळत होत्या. "ह्यांत तू कोणता रे?" त्यांनी विचारले. नातवाने मधल्या सावलीवर बोट ठेवले. तिची दोन्ही कोपरे बाहेर आली होती, कॅमेरा डोळ्याशी धरल्यावर येतात तशी, आणि वर्तुळाचा मध्य नेमका तिच्या मस्तकावर होता. इंद्रवज्र ज्याचे त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसते. शेजारी उभ्या असलेल्याचे त्याच्याभोवती. कॅमेऱ्याने पाहिले ते कॅमेरा धरणाऱ्याचे. रंगविणाऱ्याने वर्तुळ तिघांच्या मध्ये काढले असते.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चित्राची छापील प्रत आणावयास सांगितले, आणि ती आल्यावर मागच्या बाजूस पेन्सिलीने तिथी, पाचनई, आणि "धुके कड्यापाशी थांबलेले" एवढे लिहून ती आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवली.