ईमेल सर्व्हरचं जनरल रजिस्टर



समजा, एका संस्थेची एक शाळा बारामतीत आहे, दुसरी इंदापुरात. दोन्हींचा ईमेल सर्व्हर एकच. त्यात सहसा दोन मुक्त स्रोत प्रोग्रॅम असतात. वित्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स (१९९८) पत्रांची ने-आण करतो. टिमो सिराइनेन यांचा डोव्हकॉट (२००२) पासवर्ड तपासून पत्रपेटी उघडून देतो.

दोघांच्या याद्या वेगळ्या असल्या तर? एखादे शिक्षक संस्था सोडून गेले. पोस्टफिक्सच्या यादीतून नाव काढलं, डोव्हकॉटच्या यादीत राहिलं. मग मुलांचे निकाल, पालकांचे फोन नंबर असलेली जुनी पत्रं त्यांना दिसतच राहतात!

म्हणून मारियाडीबीसारख्या डेटाबेसमध्ये एकच टेबल ठेवतात. जसं आपलं जनरल रजिस्टर. दोन्ही प्रोग्रॅम तिथेच विचारतात. नोंद एकदा बदलली की झालं.

मात्र तीन गोष्टी पाळा. प्रोग्रॅमना टेबल फक्त वाचायची परवानगी द्या. पासवर्ड मूळ रूपात न ठेवता हॅश करून ठेवा. आणि बॅकअप रोज घ्या. डेटाबेस बंद पडला, तर पोस्टफिक्स येणाऱ्या पत्राला 'थोड्या वेळाने या' म्हणतो, पत्र हरवत नाही. पण नवीन लॉगिन कुणालाच करता येत नाही. यादी एकच असली, की तिची काळजीही दुप्पट घ्यावी लागते.