पेणकरांचा हिब्रूचा तास

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीचं चौथं वर्ष ‘ऑनर्स’चं केलं. त्या वर्षात मुलांनी शिकायचं तरी काय, ते बघून लिहा, असं संपादकांनी सांगितलं. मी गेले चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजला आणि अडकले पेण-रोह्यात.

कॉलेजची जन्मकथा दोन ओळींची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, १८३२ साली त्यांनी शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. त्याच वर्षी त्यांनी हिब्रूचं व्याकरण छापलं, तेही मराठीतून! कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना ते नेमकं उपयोगाचं. शनिवारी घाणा बंद म्हणून हे ‘शनवार तेली’. आडनावं गावांची: पेणचे पेणकर, रोह्याशेजारच्या अष्टमीचे अष्टमकर. खतना, शनिवारचा शब्बाथ, शेमाची प्रार्थना सगळं टिकलेलं, हिब्रू मात्र जवळजवळ गेलेलं.

मराठी मुलाला हिब्रू वाटतं तितकं परकं नाही. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय लागेपर्यंतच काय तो त्रास. पुढे तीन व्यंजनांचा धातू येतो, क-त-व, म्हणजे लिहिणं. तो लिहितो ‘कोतेव’, ती लिहिते ‘कोतेवेत’. क्रियापदाला लिंग असतं हे इंग्रज मुलाला समजावून सांगावं लागतं, पेणच्या मुलाच्या ते तोंडातच असतं. नपुंसकलिंग तर हिब्रूत नाहीच, तेवढीच घोकंपट्टी वाचली.

विल्सनना हवं होतं धर्मांतर. ते फारसं झालं नाही. शिकलेल्यांनी उलट आपलाच धर्म पक्का केला. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही ते झाले. मला हा सूड फार आवडतो.

ऑनर्सच्या संशोधनाला या मराठी-हिब्रू नात्याहून चांगला विषय रायगडच्या मुलाला कुठला मिळणार? पण शिकवणार कोण? १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या नातवंडांना हिब्रू येतं, आजीची मराठी येत नाही. इथल्या मुलांचं नेमकं उलट. शिवाय जुन्या छपाईचं मराठी वाचायला वेगळा सराव लागतो, आणि क्रेडिटच्या तक्त्यात त्या सरावाला रकाना नसतो. एखाद्या कॉलेजनं दोन्हीकडची मुलं पडद्यावर समोरासमोर बसवली, तरी पहिलं सत्र वेळा जुळवण्यातच जाईल. तिथं रविवार कामाचा, इथं शनिवारी तास.