तिरप्या आधारावरील दंतपंक्ती

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, मानेसर हे गाव आहे. एके काळच्या या शेतकरी गावाजवळ आज मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेले कामगार तेथे राहतात. अशाच एखाद्या कामगाराची कल्पना करावी. त्याचे घर विदर्भात आहे, वयाची पन्नाशी उलटली आहे आणि खालच्या जबड्यात एकही दात उरलेला नाही. कवळी आहे, पण ती बोलताना उचलली जाते आणि भाकरी खाताना काढून ठेवावी लागते. हाडात चार स्क्रू बसवून एका दिवसात पक्के दात मिळतात, असे त्याच्या कानांवर आले आहे. चार आधारांवर दहा-बारा दात कसे टिकावेत? आणि त्यांपैकी दोन आधार मुद्दाम तिरपे का बसवावेत? या प्रश्नांची उत्तरे जबड्याच्या हाडात सापडतात.

दात ज्या हाडात रुतलेले असतात, ते हाड दातांमुळेच टिकून असते. दात गेला की त्या हाडाचे प्रयोजन संपते आणि ते झिजू लागते. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढे तिचा वेग मंदावतो, परंतु ती थांबत नाही. एकदा घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते, ती यामुळेच. कवळी बदललेली नसते. तिच्याखालची जमीन खचलेली असते.

हाडाऐवजी धातूचा आधार देण्याची कल्पना जुनी आहे. तिला शास्त्रीय पाया लाभला तो स्वीडनमध्ये. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक 1952 साली सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेले टायटेनियमचे उपकरण पुढे काढता येईना; हाड त्या धातूला घट्ट चिकटले होते. 1965 साली गोटेबोर्ग येथे योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात ब्रोनेमार्क यांनी टायटेनियमचे चार रोप बसविले. ते लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 2006 सालापर्यंत, टिकले. 1982 साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ही पद्धती जगभर मान्यता पावली.

तथापि एक अडचण उरलीच. रोप उभा बसवायचा तर त्याखाली पुरेसे हाड हवे, आणि दाढांच्या जागी नेमके तेच नसते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेची एक पोकळी असते; दाढा गेल्यावर ती खाली पसरते. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक मज्जातंतू पुढे येतो आणि उपदाढांच्या आसपास एका छिद्रातून बाहेर पडतो. त्यास इजा झाली तर खालचा ओठ व हनुवटी बधिर होतात. याउलट जबड्याच्या पुढील भागात बहुधा पुरेसे हाड शिल्लक असते. परंतु सर्व आधार पुढेच बसविले तर मागचे दात अधांतरी राहतात आणि प्रत्येक घासागणिक पुढच्या आधारांवर ताण पडतो.

जुन्या वाड्याच्या सज्जाखाली भिंतीतून बाहेर झुकलेला लाकडी टेकू अनेकांनी पाहिला असेल. त्याचे खालचे टोक भिंतीत असते आणि वरचे टोक सज्जाच्या कडेजवळ पोचते. लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो व त्यांचे सहकारी यांनी प्रचारात आणलेली रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे. खालच्या जबड्यावरील अनुभव त्यांनी 2003 साली प्रसिद्ध केला. या रचनेत पुढचे दोन रोप उभे असतात. मागच्या दोन रोपांची टोके पुढच्या भक्कम हाडात रुतविलेली असतात, तर माथे मागे झुकलेले असतात. हा कल 45 अंशांपर्यंत असू शकतो. अशा रीतीने मज्जातंतू वा पोकळी टाळली जाते, अधिक लांबीचा रोप वापरता येतो आणि अधांतरी भाग आखूड होतो. रोपाच्या माथ्यावर कोन साधणारा जोड बसवून दातांची दिशा सरळ केली जाते. चारही आधार एकाच ताठ पट्टीने बांधले गेल्यामुळे भार त्यांच्यात वाटला जातो.

आता ‘एका दिवसात दात’ या शब्दांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. रोप हाडात पुरेसे घट्ट बसले, तर त्याच दिवशी किंवा थोड्या दिवसांत अ‍ॅक्रिलिकची तात्पुरती दंतपंक्ती जोडता येते. मात्र हाड धातूशी एकरूप व्हावयास काही महिने लागतात. तोवर मऊ अन्नच खावे लागते, आणि कायमची दंतपंक्ती त्यानंतरच बसविली जाते.

शिवाय हे दात किडत नसले, तरी त्यांच्याभोवतीची हिरडी व हाड रोगग्रस्त होऊ शकतात. नैसर्गिक दाताभोवती सूक्ष्म तंतूंचे आवरण असते. त्यामुळे भातातला बारीक खडाही तत्काळ जाणवतो. रोपाला ही जाणीव नसते. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे अपयशाचा धोका वाढतो. आधार मोजके चारच असल्याने त्यांतला एक निकामी झाला तरी संपूर्ण रचना धोक्यात येते. म्हणून दंतपंक्तीखालची जागा रोज साफ करणे आणि ठराविक काळाने दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे हा उपचाराचाच भाग होय. वाचविता येण्याजोगे दात केवळ या सोयीसाठी काढून टाकणे तर सर्वथा अनुचित ठरेल, कारण काढलेला दात परत येत नाही.

मानेसरच्या त्या कामगाराला चार दिवसांच्या रजेत दात मिळतीलही. पण उद्या तो विदर्भातील आपल्या गावी परतला, तर कोणत्या कंपनीचे रोप बसविले आहेत, ढिला झालेला स्क्रू कोण घट्ट करील, तपासणीसाठी किती दूर जावे लागेल, हे प्रश्न त्याने आधीच विचारलेले बरे. रोपांची संपूर्ण नोंद त्याने स्वतःजवळ ठेवावी. टेकू कितीही कौशल्याने बसविला, तरी वाडा टिकतो तो वर्षानुवर्षांच्या निगराणीने.