घरच्या संगणकावर संख्याशास्त्र

संख्याशास्त्र हें सरकारी कचेऱ्यांतील आणि विद्यापीठांतील पंडितांचें शास्त्र, अशी समजूत पुष्कळ दिवस रूढ होती. आणि ती अगदींच निराधार नव्हती. मोठ्या आंकडेमोडीस लागणारीं यंत्रें संस्थांच्या मालकीचीं असत, आणि पुढें जीं तयार सॉफ्टवेअरें निघालीं त्यांचा परवाना सामान्य गृहस्थास परवडण्याजोगा नसे. आज ती अडचण उरलेली नाहीं. घरांतील मुलगी संख्याशास्त्राची परीक्षा देत असो, किंवा एखादा डॉक्टर आपल्या रोग्यांच्या नोंदी पडताळून पाहत असो, दोघांनाहि लागणारें साधन विनामूल्य मिळतें. त्याचें नांव ‘आर’. परंतु तें फुकट मिळतें म्हणून आपोआप बसतें असें मात्र नाहीं. पुष्कळांचा उत्साह पहिल्याच संध्याकाळीं मावळतो. आणि त्याचें कारण बहुधा गणिताची कठिणता हें नसून मांडणीचा क्रम चुकणें हें असतें.

या साधनाचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं आंकडेमोडीसाठीं ‘एस’ नांवाची भाषा रचण्यास आरंभ केला. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांतील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनीं तिच्याच धर्तीवर ‘आर’ रचली. दोघांच्याहि नांवाचें आद्याक्षर तेंच. १९९५ सालीं ती मुक्त परवान्यानें सर्वांस खुली झाली, आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली.

संगणकावर जी मांडणी करावयाची तिचे चार घटक आहेत, व ते वेगवेगळे ओळखतां आले म्हणजे अर्धे काम झालें. पहिला घटक मूळ ‘आर’. प्रत्यक्ष गणित तेंच करतें. दुसरा ‘आरस्टुडिओ’, ही केवळ काम करण्याची सोयीची बैठक. तिसरा ‘पॅकेजें’, म्हणजे विशिष्ट कामांसाठीं जगभरच्या अभ्यासकांनीं लिहिलेलीं उपांगें. चौथा घटक कंपायलर व त्याचीं हत्यारें. विंडोजवर त्यांस ‘आरटूल्स’ म्हणतात, आणि तीं प्रत्येकास लागतातच असें नाहीं.

प्रारंभ मूळ ‘आर’पासूनच करावयाचा. तें ‘क्रॅन’ नांवाच्या भांडारांतून घ्यावें. १९९७ पासून चालत आलेल्या या भांडाराच्या हुबेहूब प्रती अनेक देशांत ठेवलेल्या असतात. त्यांस ‘मिरर’ म्हणतात. विंडोजवाल्यांनीं तेथील ‘बेस’ हा विभाग निवडावा. मॅक असल्यास आपलें यंत्र अ‍ॅपलच्या चिपचें आहे कीं इंटेलच्या, हें आधीं पाहावें. कारण दोहोंसाठीं प्रती निराळ्या आहेत. जुन्या ३२-बिट विंडोजवर मात्र नव्या आवृत्ति चालत नाहींत. २०२२ सालच्या ४.२.० या आवृत्तीपासून तो आधार काढून घेण्यांत आला आहे. मांडणी चालूं असतां जे प्रश्न विचारले जातात त्यांस आधींच भरलेलीं उत्तरें नवख्या माणसानें बदलूं नयेत.

यानंतर आरस्टुडिओ. हें २०११ सालीं प्रथम बाहेर आलें. तें काढणाऱ्या कंपनीनें २०२२ सालीं ‘पॉझिट’ हें नांव घेतलें. एकाच खिडकीचे चार भाग करून त्यांत लेखन, आज्ञा, आंकड्यांची यादी आणि आलेख हें सर्व तें दाखवितें. परंतु त्याच्या पोटांत ‘आर’ नसतें. नुसतें आरस्टुडिओ बसवून जो उघडूं पाहतो, त्यास ‘आर कोठें आहे?’ असा उलट प्रश्न येतो. म्हणून आधीं आर, मग आरस्टुडिओ, हा क्रम मोडूं नये.

पॅकेजांची संख्या क्रॅनवर वीस हजारांच्या वर गेलेली आहे. येथें नवख्यांचा जो घोटाळा होतो तो दोन आज्ञांचा. ‘इन्स्टॉल डॉट पॅकेजेस’ ही आज्ञा पॅकेज भांडारांतून आणून कपाटांत ठेवते. ती एकदां द्यावयाची. ‘लायब्ररी’ ही आज्ञा तें कपाटांतून काढून मेजावर आणते. ती काम सुरू करतांना दर खेपेस द्यावी लागते. एक पॅकेज आणावयास जावें तों त्याच्या मागोमाग दहा-पंधरा येतात, हें पाहून घाबरूं नये. तें ज्यांवर अवलंबून असतें तीं आर स्वतःच आणीत असतें. सामाईक कपाटांत लिहिण्याची मुभा नसल्यास, वैयक्तिक कपाट करावें काय, असें विचारलें जातें. तेथें ‘होय’ म्हणावें.

विंडोज व मॅक यांवर बहुतेक पॅकेजें शिजलेल्या अन्नाप्रमाणें तयार मिळतात. क्वचित् नवी आवृत्ति मूळ लेखनाच्याच रूपांत असते. ती सी, सी प्लस प्लस किंवा फोर्ट्रान या भाषांतून रूपांतरित करावी लागते. ‘मूळ लेखनापासून करावें काय?’ असा प्रश्न आल्यास नवख्यानें ‘नाहीं’ म्हणावें. किंचित् जुनी परंतु तयार प्रत मिळते. ज्यास नवीच हवी त्यानें आरटूल्स बसवावीं. त्यांचा क्रमांक आरच्या आवृत्तीशीं जुळला पाहिजे: आर ४.४ असेल तर आरटूल्स ४४. लिनक्सवर पुष्कळदां सर्वच पॅकेजें अशीं घरीं शिजवावीं लागतात. तेथें अडलें तर तक्रारींतील शेवटची ओळ न वाचतां पहिली वाचावी, कारण कोणती वस्तु नाहीं हें बहुधा तींतच सांगितलेलें असतें.

मांडणी नीट झाली कीं नाहीं हें पाहण्यास एक ते दहा या आंकड्यांची सरासरी काढावी, ५.५ हें उत्तर आलें पाहिजे. पण एवढ्यानें काम संपत नाहीं. आवृत्तीची नोंद ठेवणें हा मांडणीचाच भाग आहे. २०१९ सालच्या ३.६.० या आवृत्तींत चिठ्ठ्या टाकून निवड करण्याची रीत सुधारण्यांत आली. जुनी रीत फार मोठ्या समूहांत सर्वांस अगदीं सारखी संधि देत नसे, म्हणून ही सुधारणा योग्यच होती. परंतु तिचा परिणाम असा कीं, तोच बीजांक देऊनहि जुन्या व नव्या आवृत्तींत वेगळींच नांवें निघतात. कोणत्या रोग्यास नवें औषध द्यावें हें अशा निवडीनें ठरलें असेल, तर मागाहून तपासणाऱ्यास ती यादी पुन्हा काढतां येणें किती अगत्याचें आहे, हें सांगावयास नको. ‘सेशन इन्फो’ ही आज्ञा आरची व त्या वेळीं वापरांत असलेल्या पॅकेजांची आवृत्ति सांगते. तिचें उत्तर प्रत्येक निष्कर्षाबरोबर जपून ठेवावें, म्हणजे दुसऱ्या कोणासहि तेंच गणित त्याच साधनांनीं करून पाहतां येईल.